तेरावा टॉवेल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, कै. चावीवाल्यांची विधवा, चर्चमधली वस्त्रे, भांडी आणि टॉवेल एकेचाळीस वर्षे सांभाळणारी, आणि त्यामुळे आमच्या गल्लीत 'टॉवेलबाई' या नावाने ओळखली जाणारी, हे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. खुबा मोडला आहे, डोके नाही. डॉक्टरांनी तसे पत्र दिले आहे. ते मी दोनदा वाचून घेतले, कारण पहिल्या वेळी त्यांनी ते न बघताच सही केल्यासारखे वाटले.

हे मी कोणाच्या धाकाने, आग्रहाने किंवा गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही. गोड बोलण्याला भुलायची सवय मला कधीच नव्हती. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे आणि जिथे कागद कोरा राहिला तिथे मी आडव्या रेघा मारल्या आहेत. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, एवढी गरज नसते." ज्याला गरज वाटत नाही, त्याच्याच हातून पाने बदलली जातात.

गेल्या बुधवारी केलेले मृत्युपत्र मी फाडले आहे. त्याचे तुकडे मोजून जाळले. ते का फाडले ते पुढे येईलच.

१. माझी मिळकत अशी: या घराच्या पुढच्या बाजूच्या दोन खोल्या, बँकेतली ठेव, एक गळ्यातली साखळी, एक तीन कुलपांची पेटी, आमच्या यांची चाव्या घासायची हत्यारे, आणि एक टॉवेल. घर दोघा भावांचे होते. पुढच्या दोन खोल्या थोरल्याच्या, म्हणजे आमच्या यांच्या, आणि मागच्या दोन धाकट्याच्या. दोघेही भाऊ आता वरच्या घरी आहेत. मागे धाकटी जाऊ राहते. दोन्ही घरांच्या मध्ये एक दार आहे. त्याला माझ्या बाजूने कडी होती आणि ती एकोणीस वर्षे लावलेली होती. माझ्या मागे या दोन खोल्या कोणाला जाव्यात, एवढाच या कागदाचा खरा प्रश्न आहे. बाकीची कलमे लगेच आटोपतील.

२. बँकेतली ठेव माझ्या दफनाचा खर्च भागवून उरेल ती चर्चला द्यावी. मात्र तिच्यातून माईक घेऊ नये. आत्ताचे फादर पाय धुण्याच्या विधीच्या वेळीही माईक गळ्यात अडकवतात आणि पाणी ओतल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो. नम्रता ऐकू यायची गरज नाही, असे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. ते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

३. माझ्या भाच्याला त्याची मोजपट्टी परत द्यावी. मी दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात तो भेटायला आला, सोबत एक चांगली काठी आणली, आणि "मावशी, तुझ्या खिडकीला पडदा करून देतो," असे म्हणून मोजमाप घेऊ लागला. खिडकी एक आहे. त्याने चारही भिंती मोजल्या. पडदा अजून यायचा आहे. पट्टी तो घाईत विसरून गेला, ती मी पेटीत जपून ठेवली आहे. पट्टीसोबत पेटीही त्याला द्यावी. तिची तीन कुलपे यांनी स्वतः घडवलेली आहेत आणि चाव्या कुठे आहेत ते मला आठवत नाही.

काठी मात्र त्याला देऊ नये. तिचे काम पुढे सांगते.

४. यांची हत्यारे, म्हणजे कानशी, चावी पकडायचा शेगडा आणि चिमटे, कोपऱ्यावरच्या घड्याळजीला द्यावीत. माणूस लबाड आहे पण हत्यारांना तेल लावतो.

५. आता चर्चचे. जे या कागदावर लिहिणार आहे ते एकेचाळीस वर्षे मी कोणाला बोलले नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रभू येशूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी कमरेला टॉवेल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. धनी असून गड्याचे काम केले. त्याची आठवण म्हणून दर वर्षी त्या गुरुवारी आमचे फादर बारा जणांना वेदीसमोर बसवून, गुडघ्यावर येऊन त्यांचे पाय धुतात. पाणी कोमट करणे, तांब्या भरणे, परात सरकवणे आणि प्रत्येक पायाला कोरडा टॉवेल पुढे करणे, हे काम माझे. बारा जणांना बारा टॉवेल. तेरावा जादा, एखादा परातीत पडला तर लागेल म्हणून. तो मी माझ्या पैशांनी घेतलेला आहे. माझ्या घडीचा टॉवेल कधीच परातीत पडला नाही, त्यामुळे तेरावा आजही कोरा आहे.

आता खरी गोष्ट. ते बाराही जण घरून पाय धुऊन येतात. नुसते धुऊन नाही, घासून. बेकरीवाला आदल्या दिवशी पाय तासभर भिजत ठेवतो. नळ दुरुस्त करणारा नखे कापून, पावडर लावून, नवे मोजे घालून येतो. शाळेच्या हेडमास्तरांच्या टाचेला मी एकदा चक्क तेल पाहिले. मी जाणार, फादर माझे पाय हातात घेणार, आणि ते मळके दिसले तर लोक काय म्हणतील, असा प्रत्येकाला घोर. विधी संपल्यावर परातीतले पाणी मी मागच्या झाडांना घालत असे. ते इतके स्वच्छ असायचे की त्यात तोंड धुवावे. मग कोणी कोणाचे काय धुतले, असा प्रश्न मला दर वर्षी पडायचा. फादर वाकल्याचे दाखवतात, बारा जण लाजल्याचे दाखवतात, आणि मी टॉवेल धरते. जुने फादर तर सांध्यांनी हैराण होते. त्यांच्या झग्याला आतून गुडघ्याशी कापसाची गादी मीच शिवून दिली होती. ती कोणाला दिसू नये म्हणून दोनदा उसवून पुन्हा शिवली.

यावरून माझे मत झाले की जो माणूस दुसऱ्याच्या पायाशी बसतो, त्याचा तिथे काहीतरी हिशेब असतो. हे मत मी पुढे सगळीकडे लावले.

६. फक्त एकदा पाणी काळे झाले. ते वर्ष दफनभूमीत कबरी खणणाऱ्याचे. त्या दिवशी दुपारी अचानक एकाला मूठमाती द्यावी लागली, आणि हा फावडे टाकून तसाच धावत आला. बाकावर बसला, बूट काढले, आणि बोटांच्या बेचक्यांत ओली माती. परातीतल्या पाण्याचा चिखल झाला. टॉवेल तपकिरी झाला. फादरांना तीन वेळा पाणी ओतावे लागले आणि मागे कोणीतरी खोकले. तो बिचारा मान खाली घालून बसला होता.

मला त्याचा एवढा राग आला की बोलायची सोय नाही. तो टॉवेल मी दोनदा उकळला. पुढच्या वर्षीची यादी फादरांनी मला वाचून दाखवली तेव्हा मी म्हणाले, "त्यांना त्या दिवशी काम असतं." हे खोटे होते. त्यानंतर त्याला कोणी बोलावले नाही, आणि त्यानेही कधी विचारले नाही. एकेचाळीस वर्षांत ज्या एका माणसाचे पाय खरोखर धुतले गेले, त्याला मी यादीतून काढले. त्याबद्दल मी त्याची माफी मागते. त्याला पाणी तापवायचे माझे मोठे भांडे द्यायचे मनात होते, पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला या कागदातून काही मिळू शकत नाही. माफी ही मिळकत नाही, ती देता येते, असे वकीलसाहेब म्हणाले.

७. साक्षीदाराचा हा नियम वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावा. सगळे त्याच्यावर येऊन अडले.

८. धाकटी जाऊ.

एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या चर्चमध्ये बारा जणांत बायकांनाही बसवायचे ठरले. चार बायका. बावीस वर्षे टॉवेल धरणारी मी. रविवारी फादरांनी नावे वाचली, तेव्हा मी घरून पाय घासूनच आले होते, हे आज लिहून टाकते. चौथे नाव धाकट्या जावेचे निघाले. माझे नव्हतेच. त्या गुरुवारी ती बाकावर बसली आणि तिच्या ओल्या पायापुढे टॉवेल धरला मी. तिने वर बघून "जाऊबाई" एवढेच म्हटले. मी टॉवेल तिच्या मांडीवर टाकला आणि पुढे सरकले.

तिने फादरांचे कान भरले, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. घरी येऊन मी यांना मधल्या दाराला कडी ठोकायला लावली. यांनी ठोकून दिली. आठ वर्षांपूर्वी जायच्या आधी त्यांनी एकदा त्या दाराकडे बोट केले होते. मी त्यांना पाणी पाजले आणि समजले नाही असे दाखवले. ते मला समजले होते. हे मला फार लागून राहिले आहे.

कडी माझ्याच बाजूला. तिच्या बाजूला कडी बसवायची तिला कधी गरज वाटली नाही. मी मात्र चावीच्या भोकात कापूस कोंबून ठेवला.

९. चौदा महिन्यांपूर्वी मी चर्चच्या मागच्या खोलीत, सांडलेल्या पाण्यावरून घसरून पडले आणि खुबा मोडला. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मधले दार वाजले. मला उठता येईना आणि येत असते तरी उघडले नसते. मग ती रस्त्याने वळसा घालून पुढच्या दाराशी आली. पलंगाशेजारच्या खिडकीतून किल्ली द्यावी लागली. हातात परात, तांब्या आणि साबण.

"पाय पुढे करा," म्हणाली.

"कशाला?"

"वाकता येत नाही ना तुम्हाला? साखरेचा आजार आहे. भेगेतून जखम झाली तर पाय कापायची वेळ येईल."

जवळजवळ अठरा वर्षांनंतरचे हे पहिले बोलणे. तेव्हापासून रोज सकाळी दहा वाजता ती येते. पाय धुते, बोटांच्या मधून पुसते, भेगांना मलम लावते, परात उचलते आणि जाते. माझ्या डोक्यात पहिल्याच दिवशी आले की हिला माझ्या दोन खोल्या हव्यात. मधले दार उघडले की पूर्ण घर तिचे. दुसरे काय असणार? फुकट कोण कोणाच्या भेगा चोळतो?

मी तिची परीक्षा घ्यायचे ठरवले. साखळी टॉवेलच्या घडीत ठेवली. तिने परातीच्या काठावर काढून ठेवली आणि म्हणाली, "धुतली जाईल हो, जपा." मला वाटले, साखळीवर पाणी सोडून हिने घरावर डोळा ठेवला आहे. मग कागदांच्या खणाला बारीक दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी दोरा तुटलेला. झाले, सापडली, म्हणून मी दिवसभर खुशीत. रात्री आठवले की चष्मा काढायला तो खण मीच उघडला होता.

हे सगळे चालू असताना मी आणखी एक गोष्ट करत होते, आणि इथे भाच्याची काठी येते. रोज नऊच्या सुमारास मी काठीच्या टोकाला ओला फडका बांधत असे आणि पलंगावर बसून, खुब्यातून कळा येत असताना, तिच्या येण्याच्या आधी माझे पाय पुसून घेत असे. अर्धा तास लागायचा. हिने मळलेले पाय पाहिले आणि चारचौघांत बोलली तर, म्हणून. बेकरीवाल्याला मी एकेचाळीस वर्षे मनातल्या मनात हसले.

१०. मागच्या बुधवारी वकीलसाहेब पहिले मृत्युपत्र घेऊन आले. घर जावेच्या नावे लिहिले होते. माझा विश्वास बसला होता असे नाही. हा सापळा होता. वकीलसाहेबांनीच मला सांगितले होते की ज्याला मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे मिळणे बाद होते. मी त्यांना बजावले, "ती आली की तोंड उघडायचं नाही." एक सही त्यांच्या कारकुनाने केली. दुसरीसाठी मी जावेची वाट बघत बसले. ती दहा वाजता परात घेऊन आली.

"हे बघ, घर तुझ्या नावाने लिहिलंय," मी म्हणाले. "इथे साक्षीदार म्हणून सही कर."

तिने परात खाली ठेवली. वकीलसाहेब उगाच खोकले, मी त्यांच्याकडे डोळे वटारले. तिने हात पुसून कागद घेतला, सावकाश वाचला, आणि सही केली. हात नीट पुसले नव्हते, शाई फुटली.

मला वाटले, अडाणी आहे, नियम ठाऊक नाही. मी म्हणाले, "घालवलंस. साक्षीदाराला काही मिळत नाही. घर गेलं तुझं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझ्या मामांचं असंच झालं होतं."

"मग का केलीस?"

ती खाली बसली, पाण्यात हात घालून बघितला. "चौदा महिने मी पाय धुते आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता. काय शोधता ते मला कळत नाही का? आता घराचा विषय संपला. उद्यापासून काठीला फडका बांधू नका. रोज बाहेर वाळत असतो तो, मला दिसतो. खुबा पुन्हा सरकेल."

वकीलसाहेब छताकडे बघायला लागले. मी एकोणीस वर्षे मनात ठेवलेले विचारले. "त्या वर्षी फादरांना काय सांगितलं होतंस?"

"तुमचंच नाव सांगितलं होतं. ते म्हणाले, मग टॉवेल कोण धरणार? मी म्हटलं, मी धरते. तर म्हणाले, तिच्यासारखी घडी तुला जमायची नाही, तूच बस." मग तिने माझा डावा पाय ओढला. "पाणी निवतंय."

११. यातले खरे किती, हे विचारायला ते फादर आता नाहीत. फादरांच्या जुन्या वह्या चर्चच्या कपाटात आहेत आणि त्या कपाटाची किल्ली अजून माझ्याकडे आहे. पण मी चौकशी केली नाही. माझ्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग.

दोन दिवस मी दुसराच विचार केला. सही केली की म्हातारी शरमेल आणि नवा कागद करेल, हेही तिने आधीच ताडले असेल. असेलही. पण चौदा महिने रोज दहाच्या ठोक्याला येऊन, माझी टोचणी ऐकून, कोणी एवढा लांबचा डाव मांडत असेल, तर मी हरले. आणि डाव नसेल, तर मी त्याहून जास्त हरले. कसेही धरले तरी घर तिलाच जाते.

१२. म्हणून माझ्या पुढच्या दोन्ही खोल्या, त्यांच्या भिंती, खिडकी व छपरासह, माझ्या मागे माझ्या धाकट्या जावेला जाव्यात. तिने त्यांचे काय करावे याची अट नाही. भाच्याचा किंवा इतर कोणाचा त्यांवर हक्क राहणार नाही. मधल्या दाराची कडी काढायला मी मरेपर्यंत थांबायचे नाही असे ठरवले आहे. ती काल घड्याळजीकडून काढून घेतली. चार स्क्रू होते, दोन गंजले होते. भोकातला कापूस मी स्वतः काढला. साखळीही तिलाच द्यावी.

१३. तेरावा टॉवेलही धाकट्या जावेला. त्याची घडी मी तिला शिकवली आहे. अजून टोक बाहेर राहते.

माझ्या देहाचे पाय तिने धुवावेत. तिच्या आधी दवाखान्यातल्या किंवा चर्चमधल्या कोणीही ते पुसून ठेवू नयेत, आणि पुसायला तेराव्या टॉवेलखेरीज दुसरा वापरू नये. आज संध्याकाळी चर्चमध्ये बारा जण घासलेले पाय घेऊन बसतील. फादरांना मी निरोप धाडला आहे की यादीत एक नाव कबर खणणाऱ्याचे घालावे, आणि त्याने कामावरून थेट यावे. फादर निरोप पाळतील की नाही, ते बघायला मी माणूस पाठवणार आहे.

१४. या मृत्युपत्राचा अंमल वकीलसाहेबांनी करावा. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. हे वाक्य त्यांनी सुचवले आहे.

वरील सर्व मी स्वतः सांगितले, वाचून घेतले, पुन्हा एकदा दुसऱ्याकडून वाचून घेतले, आणि आता सही करते. माझी जाऊ या वेळी परात घेऊन मधल्या दारापलीकडे उभी आहे आणि तिला आत घेतलेले नाही, म्हणजे या वेळी तिला सही करायला मिळू नये.

सही: टॉवेलबाई

आम्ही खाली सही करणारे दोघे, सदर बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली, असे लिहून देतो. सही करताना बाई शुद्धीवर होत्या. बाईंनी सांगितल्यावरून आम्ही हेही लिहून देतो की त्या वेळी त्यांचे पाय धुतलेले किंवा पुसलेले नव्हते. आम्ही दोघांनी ते नीट पाहिले.

साक्षीदार १: कबर खणणारा (सही)
साक्षीदार २: औषधाच्या दुकानाचे मालक (सही)

ठिकाण: पुढची खोली, पलंगावर
दिनांक: पाय धुण्याचा गुरुवार, सकाळी दहाला दोन मिनिटे कमी